कै. आरती साहा यांची जलसाधना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला व विद्यार्थी सत्रात दिलेले व्याख्यान)



मंडळाचे चिटणीस दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी आले आणि "गुरुजी, यंदाच्या संमेलनात आपण चार शब्द बोललेच पाहिजेत" अशी गळ त्यांनी घातली. विषय कोणता घ्यावा, हे त्यांनी आमच्यावरच सोपविले. संतचरित्र, संस्कार किंवा फार तर शिक्षणाचे महत्त्व यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही "पोहणे" हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप बशीपासून चार बोटे वरच थांबला. मॅट्रिक होऊन छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत बाराखडी गिरवून घेतलेला हा मास्तर साठी उलटल्यावर पोहण्यावर काय बोलणार, असे त्यांच्या मनात आले असल्यास त्यांचा दोष नाही.

तथापि हा विषय आम्ही सहज निवडलेला नाही. मंडळाच्या शिक्षणनिधीतून उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या समाजातील मुलींना पोहणे शिकविण्यासाठी अर्धी फी द्यावी, असा एक ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्ही बैठकांत आवाज चढले. तो ठराव मांडणारे आम्हीच. म्हणून आमचे बोलणे निःपक्षपाती नाही, हे आरंभीच कबूल करतो.

शाळेत असताना आम्ही मुलांकडून पोस्टाची तिकिटे जमवून घेत असू. भूगोल शिकविण्याचा तो आमचा आवडता मार्ग होता. एकदा एका विद्यार्थ्याने तीन रुपयांचे एक तिकीट आणले. १९९९ साली टपाल खात्याने काढलेले ते तिकीट एका जलतरणपटू स्त्रीच्या स्मरणार्थ होते. "गुरुजी, या बाई कोण?" असे त्याने विचारले आणि आम्हांस उत्तर देता आले नाही. शिक्षकाला उत्तर न येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, पण ते न शोधणे हा अपराध होय. आम्ही शोध घेतला. पुढे बरीच वर्षे मिळेल ते वाचीत गेलो. आज सांगतो आहोत ते त्याच वाचनाचे फळ.

आरती साहा यांचा जन्म २४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्त्यास एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील पांचूगोपाळ साहा हे सैन्यात साध्या नोकरीवर होते. आरती अडीच वर्षांची असतानाच आईचे छत्र हरपले आणि उत्तर कलकत्त्यात आजीने तिचा सांभाळ केला. चौथ्या वर्षी काकांबरोबर ती गंगेच्या चांपातला घाटावर स्नानास जाऊ लागली आणि तेथेच पाण्याशी तिची ओळख झाली. मुलीची ही ओढ पाहून वडिलांनी तिला हाटखोला जलतरण संघात घातले. ही गोष्ट १९४०-५० या दशकातली आहे, हे ध्यानात घ्या. महायुद्ध, दुष्काळ, दंगली या सर्वांतून कलकत्ता त्या काळी जात होते. अशा दिवसांत आईवेगळ्या मुलीला पोहण्याच्या संघात घालणारा तो साधा नोकरदार बाप आम्हांस तिच्या सगळ्या पदकांइतकाच मोठा वाटतो. १९४६ साली, वयाची सहा वर्षे पुरी होण्याआधीच, शैलेंद्र स्मृती स्पर्धेत ११० यार्डांच्या शर्यतीत तिने पहिले सुवर्णपदक मिळविले. १९५१ सालापर्यंत राज्य पातळीवरच्या बावीस स्पर्धा तिने जिंकल्या.

तिचा खरा हातखंडा असलेला पोहण्याचा प्रकार म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक. हा शब्द पुष्कळांना परका वाटेल, पण प्रकार मुळीच परका नाही. या सभागृहातले साठीच्या पुढचे जे पुरुष खेड्यात वाढले, त्या सर्वांना तो येतो. आपण त्याला बेडकासारखे पोहणे म्हणत होतो, एवढेच.

पोरांनी विहिरीत पोहणे कसे शिकावे, याचे त्या काळी एक ठरलेले शास्त्र होते. वाळलेला दुध्या भोपळा नाहीतर झाकण पक्के बसविलेला रिकामा डबा पाठीला बांधायचा, कमरेला चऱ्हाट लावायचे, चऱ्हाटाचे दुसरे टोक थोरल्या भावाच्या हाती द्यायचे आणि मोटेच्या धावेवरून पोराला खाली ढकलून द्यायचे. दोन-चार घोट पाणी पोटात गेले की हातपाय आपोआप हलू लागत. आठ-दहा दिवसांत डबा सुटे आणि महिन्याभरात पोरगे कठड्यावरून मुटका मारू लागे. तेव्हा आम्ही जे पोहत होतो त्यात डोके वर असे. दोन्ही हात छातीपासून पुढे जाऊन बाजूंनी पाणी कापीत आणि पाय बेडकासारखे आखडून बाहेर फेकले जात. हाच तो ब्रेस्टस्ट्रोक, फक्त अशिक्षित.

शास्त्रशुद्ध प्रकारात नियम कडक असतात. दोन्ही हात एकाच वेळी आणि सारख्याच रीतीने हलले पाहिजेत, पायांचेही तसेच. पाय आखडताना पावले बाहेर वळवून झटका द्यायचा असतो. तलावाच्या भिंतीला वळताना आणि शेवटी पोहोचताना दोन्ही हातांनी एकदम स्पर्श झाला पाहिजे. एकच हात लागला तर पंच बाद ठरवितात. चार मान्य प्रकारांत हा सर्वांत संथ. त्याचे कारणही सोपे आहे. हात आणि पाय पाण्यातूनच परत पुढे आणावे लागतात, त्यामुळे जे पाणी आपल्याला पुढे ढकलते तेच दुसऱ्या क्षणी आडवे येते. म्हणून यात नुसत्या ताकदीवर भागत नाही. ओढ, श्वास, लाथ आणि मग अंग बाणासारखे लांब करून क्षणभर घसरत जाणे, या चार गोष्टींचा ताल साधावा लागतो. जो त्या घसरण्याच्या क्षणी घाई करतो तो दमतो आणि मागे पडतो. आमच्या मते, म्हणूनच हा प्रकार मुलांना प्रथम शिकवावा. यात डोके वर ठेवता येते, समोरचे दिसते, श्वास हवा तेव्हा घेता येतो आणि कमी दमात बराच वेळ पाण्यावर राहता येते. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रज गृहस्थाने इंग्लिश खाडी प्रथम पोहून ओलांडली ती ह्याच प्रकाराने. त्याला २१ तास ४५ मिनिटे लागली.

आता मुंबईकडे वळू. १९४८ साली राष्ट्रीय जलतरण स्पर्धा मुंबईस भरल्या. त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि सप्टेंबरात आपण निजामी राजवटीतून मुक्त झालो. वडीलधाऱ्या मंडळींना त्या साली पोहण्याच्या शर्यतीची बातमी कोठून कळणार! त्या स्पर्धेत आठ वर्षांच्या आतबाहेरच्या आरतीने १०० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक या दोन्ही शर्यतींत रौप्यपदक पटकावले. त्या काळात तिच्यापुढे राहणारी स्पर्धक होती आपल्या मुंबईची डॉली नाझीर. हे नाव आज किती जणांनी ऐकले आहे, असे आम्ही हात वर करावयास सांगितले तर कदाचित एकही हात वर येणार नाही. ब्रेस्टस्ट्रोकमधला अखिल भारतीय विक्रम या मुंबईकर मुलीच्या नावावर होता. १९५१ साली पश्चिम बंगालच्या स्पर्धेत आरतीने १०० मीटर अंतर १ मिनिट ३७.६ सेकंदांत कापून तो मोडला. विक्रम मोडणारी मुलगी तेव्हा अकरा वर्षांचीही नव्हती अथवा नुकती होत होती.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५२ साली, हेलसिंकी येथे ऑलिंपिक भरले. हे वर्ष मराठी माणसाला ठाऊक आहे ते खाशाबा जाधवांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरचा तो पहिलवान कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले पदक मिळाले. ही गोष्ट आम्ही चौथीच्या मुलांना दरवर्षी सांगत आलो. परंतु त्याच चमूत चार स्त्रिया होत्या, हे आम्ही एकदाही सांगितले नाही, कारण आम्हांसच ते ठाऊक नव्हते. धावण्याच्या शर्यतींत नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, पोहण्यात डॉली नाझीर आणि आरती साहा. चौघींपैकी मेरी आणि डॉली या दोघी मुंबईच्या. आरती संपूर्ण भारतीय चमूत वयाने सर्वांत लहान होती. तिला बारावे वर्ष पुरे व्हायला अजून दोन महिने अवकाश होता. आपल्याकडची पाचवी-सहावीतली पोर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

दोन्ही मुली २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत उतरल्या. आरतीला ३ मिनिटे ४०.८ सेकंद लागले आणि प्राथमिक फेरीतच तिची वाटचाल संपली. ह्या शर्यतीचे सुवर्णपदक हंगेरीच्या एव्हा सेकेय हिने २ मिनिटे ५१.७ सेकंदांत जिंकले. म्हणजे फरक ४९.१ सेकंदांचा. मास्तरकीच्या सवयीने आम्ही गणित मांडून पाहिले. दोघी एकाच वेळी सुटल्या असत्या तर सेकेय भिंतीला हात लावीत असताना आरती सुमारे ४५ मीटर मागे असती, म्हणजे तलावाची जवळजवळ एक पूर्ण लांबी. हे आकडे आम्ही लपवीत नाही. आपल्याकडे थोरांची चरित्रे सांगताना पराभव गाळण्याची रीत आहे, ती आम्हांस पटत नाही. मुले हुशार असतात, त्यांना गाळलेली जागा दिसते.

पण हेही सांगितले पाहिजे की ती शर्यत पुरती सारखी नव्हती. त्या वेळच्या नियमांप्रमाणे ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत हात पाण्याबाहेरून फुलपाखराच्या पंखांसारखे पुढे फेकण्याची मुभा होती आणि सेकेय तशीच पोहली. त्याने वेग वाढतो. पुढे हे दोन प्रकार वेगळे केले गेले आणि १९५६ च्या ऑलिंपिकपासून बटरफ्लाय ही स्वतंत्र शर्यत झाली. या सेकेयबाईंचीही कथा ऐकण्यासारखी आहे. त्या ज्यू असल्यामुळे महायुद्धात त्यांना शर्यतींतून वगळले गेले आणि बुडापेस्टमध्ये दडून राहण्याची पाळी आली. तेथे पोहायला पाणी कोठले? त्या घराचा जिना पुनःपुन्हा चढून-उतरून त्यांनी अंग तयार ठेवले. असो.

हेलसिंकीहून परतल्यावर आरतीला आणखी एक पराभव सोसावा लागला आणि तो घरातच. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिची बहीण भारती हिने तिला मागे टाकले. तेव्हापासून तिने इतर शर्यती सोडून ब्रेस्टस्ट्रोकवरच सारे लक्ष एकवटले. आपल्यातल्या किती आईबापांनी अशा वेळी दोघी बहिणींची तुलना करून एकीचे मन कायमचे मोडले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मात्र देशभर तिचे नाव झाले ते तलावातल्या शर्यतीमुळे नव्हे. गंगेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत ती उतरत असे. १९५८ साली डाक्क्याचे ब्रजेन दास यांनी इंग्लिश खाडी ओलांडली आणि त्याच वर्षी मिहिर सेन हे ती ओलांडणारे पहिले भारतीय ठरले. या दोघांच्या उत्तेजनाने आरतीने तोच संकल्प धरला. संकल्पाला पैसा लागतो. हाटखोला संघाचे डॉ. अरुण गुप्ता यांनी पैसा उभा करण्यासाठी जिवाचे रान केले. बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ११,००० रुपयांची व्यवस्था केली. एप्रिल १९५९ मध्ये कलकत्त्याच्या देशबंधू पार्कातील तळ्यात हजारो लोकांसमोर ती सलग आठ तास पोहली आणि जुलैत इंग्लंडला रवाना झाली.

२७ ऑगस्ट १९५९ ची शर्यत. फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरून मध्यरात्रीनंतर एक वाजता स्पर्धक पाण्यात उतरायचे होते. प्रत्येकाबरोबर वाट दाखविणारी एक नाव असते. आरतीची नाव चाळीस मिनिटे उशिरा आली. खाडीत भरती-ओहोटीचे प्रवाह घड्याळाच्या काट्यावर फिरतात, तेथे चाळीस मिनिटे म्हणजे केवढी मोठी गोष्ट! सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर होता. त्यानंतर प्रवाह उलटला. दुपारी चार वाजेपर्यंत, म्हणजे पाच तासांत, ती अवघे दोन मैल पुढे सरकली. किनारा समोर दिसत असताना तिला पाण्याबाहेर यावे लागले.

ती परत आली नाही. इंग्लंडातच राहिली आणि महिन्याभराने, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, त्याच भूशिरावरून पुन्हा पाण्यात उतरली. या खेपेस १६ तास २० मिनिटांनी तिचे पाय इंग्लंडच्या सँडगेट येथील वाळूला लागले. खाडीची सरळ रुंदी वीस-एकवीस मैलांची, पण प्रवाहांमुळे वळसे घेत तिला ४२ मैल पोहावे लागले. इंग्लिश खाडी ओलांडणारी आशिया खंडातील पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. किनाऱ्यावर तिने तिरंगा उभारला. तिचे अभिनंदन करणाऱ्यांत लंडनमधील आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित अग्रभागी होत्या, ज्या पुढे १९६२ साली आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. १९६० साली आरतीला पद्मश्री मिळाली. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री खेळाडू. तेव्हा तिचे वय वीस वर्षांच्या आत होते.

आता आम्ही थोडे स्वतःविषयी बोलणार आहोत. त्याबद्दल क्षमा असावी.

आमचे गाव वैजापूर तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी इथल्या पुष्कळांना असतील. त्या वर्षी आमच्या वडिलांनी मळ्यातली विहीर आणखी दोन परस खोल नेली, कारण तळाशी ओलसुद्धा उरली नव्हती. त्या काळात विहीर म्हणजे एक कोरडा खड्डा, असाच आम्हां पोरांचा समज झाला होता. पुढे पावसाने हात दिला आणि विहीर पायऱ्यांच्या अर्ध्यापर्यंत भरली. आम्ही भाऊ-भाऊ चौघेही त्यात पोहायला शिकलो. आमची धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. आम्ही पोहत असताना ती काठावर आमचे कपडे सांभाळीत बसे. "मलाही डबा बांधा" म्हणून तिने एकदा हट्ट धरला. मुलीच्या जातीने विहिरीत उतरायचे नसते, असे घरातल्या मोठ्यांनी सांगितले आणि आम्ही भाऊ हसलो. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात एके दुपारी ती घागर घेऊन पायऱ्या उतरली. पायऱ्यांवर शेवाळ होते. आम्ही चौघे पोहणारे भाऊ त्या वेळी शाळेत होतो. शाळा विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती, पण हाक मारायला ती पाण्यावर राहिली पाहिजे ना! घागर मात्र तरंगत होती.

याहून अधिक सांगण्याची आमची इच्छा नाही. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या प्रसंगापासून आम्ही जो धडा घ्यावयास हवा होता, त्याच्या नेमका उलटा घेतला. आम्ही पाण्यालाच वैरी मानले. स्वतःची मुलगी झाली तेव्हा तिला नदी, तलाव, विहीर यांच्या वाऱ्यालाही उभे केले नाही. सहलीला पैठणास नेले तेव्हा नाथसागराच्या बांधावर तिचा हात असा घट्ट धरला की तिच्या मनगटावर वळ उठले. ती आज चाळिशीची आहे. तिला पोहता येत नाही आणि गुडघाभर पाण्यातही तिला घाम फुटतो. हे भय आम्ही तिला दिलेले आंदण आहे.

त्या तिकिटावरच्या बाईंचे चरित्र वाचताना आमच्या मनात पुनःपुन्हा एकच दृश्य येई. चांपातला घाटावर चार वर्षांची एक पोर पाण्यात उतरते आणि तिचा काका तिला मागे ओढीत नाही.

कार्यकारिणीत जे आक्षेप निघाले त्यांकडे आता येतो. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "गुरुजी, ज्या शहरात नळाच्या पाण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे आठवडा-आठवडा वाट पाहिली, तेथे पोहण्याचे चोचले कशाला?" मलिकंबराने चारशे वर्षांपूर्वी नहरी बांधून या नगराला पाणी पाजले आणि नळाच्या युगात आपण टँकरमागे धावलो, हे दुःख आम्हांसही आहे. पण पोहण्याच्या तलावातले पाणी रोज फेकून देत नाहीत. ते गाळून, औषध घालून पुनःपुन्हा वापरतात. शिवाय पाणी दुर्मीळ असणे हेच पोहणे शिकण्याचे कारण आहे, शिकू नये याचे नव्हे. कोकणातले पोर खाडीच्या काठी वाढते, त्याला पाण्याची चाल कळते. आपल्या मराठवाड्यातल्या पोराला आठ महिने पाणी दिसत नाही आणि मग एकाएकी भरलेली विहीर दिसते. आता तर गावोगाव शेततळी झाली आहेत. शेतीला ती वरदान खरी, परंतु आत अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही आणि धरायला दगड वा मुळी काही नसते. पोहणारा तरुणदेखील त्या उतारावरून वर चढू शकत नाही, मग न पोहणाऱ्याची काय कथा! म्हणून पोहणे येत असले तरी शेततळ्यात उतरू नये आणि काठाला गाठी मारलेला दोर बांधून ठेवावा, हे आमचे सांगणे मळेवाल्या बंधूंनी लक्षात ठेवावे. कोणी बुडत असेल तर मुलांनी उडी न घेता दोर, धोतर किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेकावा. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो.

दुसरा आक्षेप पोशाखाचा. तो कोणी उघड मांडला नाही, पण कुजबूज आमच्या कानी आली. आरती साहा पोहत होती तो काळ आजच्यापेक्षा सत्तर-पंचाहत्तर वर्षे मागचा. तेव्हाच्या बंगाली मध्यमवर्गात कुजबूज झालीच नसेल असे आम्हांस वाटत नाही. आज अंगभर पोशाख मिळतो, स्त्री-शिक्षिकेची अट मंडळ घालू शकते. एवढे झाल्यावरही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्याशी वाद घालण्याचे आमचे वय राहिले नाही.

तिसरे म्हणणे असे की, आपल्या मुली काही ऑलिंपिकला जाणार नाहीत. कदाचित जाणार नाहीत. पण कोणाची पावले कोठे पोहोचतील हे सांगता येते काय? सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर पाहा. सैन्यात मुष्टियोद्धा असलेला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. त्याने पाण्याचा आश्रय घेतला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. या देशाला कोणत्याही ऑलिंपिकात वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले सुवर्ण होय. त्याची दखल घेऊन पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. पण पदकाची गोष्ट बाजूला ठेवा. आमचा ठराव पदकासाठी नाही. पंचवीस मीटर अंतर बेडकासारखे पोहून जाता यावे आणि दहा मिनिटे पाण्यावर स्वस्थ राहता यावे, एवढीच आमची मागणी आहे.

आरतीबाईंचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. ज्या डॉ. अरुण गुप्तांनी खाडीच्या मोहिमेसाठी पायपीट केली त्यांच्याशीच तिचा विवाह झाला. तिला एक कन्या झाली. तिने रेल्वेत नोकरी केली. ऑगस्ट १९९४ मध्ये काविळीने तिला गाठले आणि एकोणीस दिवसांच्या आजारानंतर २३ ऑगस्ट रोजी कलकत्त्यास तिचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. आमची निवृत्ती झाली तेव्हा आम्ही तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे होतो, हे त्या दिवशी हिशेब करताना लक्षात आले आणि काही वेळ आम्ही गप्प बसलो.

मागील उन्हाळ्यात आमची नात, मुलीची मुलगी, येथील तलावावर पोहणे शिकली. पहिल्या दिवशी तिची आई आत आलीच नाही. फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिली. आम्ही जाळीला धरून उभे होतो. शिकवणाऱ्या बाईंनी पोरीच्या पोटाखाली हात धरला आणि "बेडूक हो, बेडूक" असे म्हणत तिला पाय मारायला लावले. बाविसाव्या दिवशी तिने तलावाची आडवी रुंदी एकटीने पार केली आणि भिंतीला हात लावला. एकच हात लावला. बाईंनी तिला परत पाठवले आणि दोन्ही हातांनी लावायला सांगितले. त्या दिवशी तिची आई जाळीपर्यंत आली होती.

ठरावावर कार्यकारिणीची बैठक पुढील रविवारी आहे. ज्या पालकांना आपल्या मुलींची नावे द्यावयाची असतील त्यांनी ती आजच चिटणिसांकडे द्यावीत, म्हणजे बैठकीत आम्हांस आकडा सांगता येईल. पहिले नाव आम्ही स्वतः लिहून ठेवले आहे. ते नातीचे नाही, तिच्या आईचे आहे. ठरावात वयाची अट घातलेली नाही, हे आम्ही नीट तपासून घेतले आहे.